निळ्या खोक्यातलं बिऱ्हाड

तुम्ही म्हणाल, मराठी विभागात हा इंग्रज कुठून घुसला? संपादक मंडळानेही हेच विचारलं. "अरे, पाऊस, मैत्री, हॉस्टेलची मेस, पहिलं प्रेम, एवढे विषय सोडून तू एका ब्रिटिश सिरियलवर लिहिणार?" त्यांचं बरोबर आहे. पण पाऊस आणि मैत्री या विषयांवर आमच्याच वर्गातून सात लेख गेलेत (त्यातले तीन कवितांमध्ये आहेत), आणि मेसबद्दल जे लिहायचं ते छापता येणार नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

तर 'डॉक्टर हू'. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर सुरू झालेली ही सिरियल १९८९ ला थांबली आणि २००५ ला पुन्हा सुरू झाली. मधे १९९६ ला एक टीव्ही-सिनेमा येऊन गेला. नायकाला नाव नाही, सगळे त्याला 'डॉक्टर' म्हणतात. तो माणूस नाही, दुसऱ्या ग्रहावरचा आहे, त्याला दोन हृदयं आहेत आणि मरायची वेळ आली की तो नव्या चेहऱ्याने पुन्हा उभा राहतो (म्हणजे नट बदलता येतो, काय डोकं आहे बघा). त्याच्याकडे टार्डिस नावाचं यान आहे, ते काळातून आणि अवकाशातून कुठेही जातं. बाहेरून ते लंडनच्या जुन्या निळ्या पोलीस बूथसारखं दिसतं आणि आतून अवाढव्य. खरं तर जाईल तिथल्या परिसराप्रमाणे त्याने रूप बदलायला हवं, पण ते सर्किट पहिल्याच गोष्टीत बिघडलं ते अजून कुणी दुरुस्त केलेलं नाही. साठ वर्षांपेक्षा जास्त काळ मेंटेनन्स पेंडिंग! आपल्या वर्कशॉपची आठवण झाली ना?

फर्स्ट इयरला एका सीनियरच्या हार्ड डिस्कवरून मी ही सिरियल कॉपी केली आणि पीएलमध्ये, म्हणजे जेव्हा अजिबात बघायला नको तेव्हा, बघितली. मला आवडायचं ते भटकणं. आज रोम, उद्या पृथ्वीचा शेवटचा दिवस, परवा कृष्णविवराशेजारचा कुठला तरी ग्रह. ना अटेंडन्स, ना सबमिशन. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं, फक्त या विंचवाचं बिऱ्हाड पाठीपेक्षा मोठं. सेकंड इयरला परत पाहिली तेव्हा मात्र वेगळंच काहीतरी दिसायला लागलं. आणि हा लेख त्याबद्दल आहे.

२००६ सालचा एक भाग आहे. त्यात टार्डिस एका खोल दरीत पडते आणि आता ती परत मिळणार नाही असं वाटायला लागतं. सोबतची रोझ म्हणते, मग कुठेतरी राहावं लागेल, नोकरी शोधावी लागेल, घर घ्यावं लागेल. हा माणूस, ज्याने डॅलेकांच्या फौजांसमोर कधी पाय मागे घेतला नाही, तो हादरतो कशाला? तर दारं, गालिचे आणि गृहकर्जाला! आम्ही पोट धरधरून हसलो. कर्जाच्या हप्त्याला घाबरणारा महानायक! पण सीन तिथे संपत नाही. रोझ चाचरत सुचवते की घर दोघांनी मिळूनही घेता येईल. आणि तो लगेच उडवून लावत नाही. डेव्हिड टेनंट तिथे जे काही चेहऱ्याने करतो ते मी कितीदा रिवाइंड करून पाहिलं असेल. भीती आहे ती भीतीच आहे, पण तिच्या खाली आणखी काहीतरी आहे. दुकानाच्या काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या पोराच्या चेहऱ्यावर असतं ते.

माझं म्हणणं सरळ आहे. डॉक्टरची खरी गोष्ट ग्रह-तारे-राक्षस ही नाहीच. त्याला एक साधं घर हवंय, सकाळी उठून रोज तेच करायचंय, आणि हे तो कुणाला सांगत नाही. माझा पार्टनर (म्हणजे रूममेट, गैरसमज नको) म्हणतो की हे सगळं २००५ नंतरच्या लेखकांनी घुसडलेलं मेलोड्रामा आहे, जुना डॉक्टर असा रडका नव्हता. म्हणून मी जुनेही भाग शोधून पाहिले. काळे-पांढरे, थर्माकोलच्या भिंती हलतात, पण पाहिले.

आणि काय सांगू! १९६४ सालच्या 'द अ‍ॅझ्टेक्स' या गोष्टीत पहिला डॉक्टर, विल्यम हार्टनेल, चांगला म्हातारा माणूस, एका बाईंबरोबर कोको पितो. तिथे एकत्र कोको पिणं म्हणजे लग्न ठरणं, हे त्याला नंतर कळतं. विनोद म्हणून चाललेलं प्रकरण. पण त्या बाईने त्याला एक कोरलेलं पदक दिलेलं असतं. तो ते तिथेच ठेवून निघतो. दोन पावलं जातो. आणि परत येऊन उचलतो. संवाद नाही, पार्श्वसंगीताचा मारा नाही. बस्स, म्हातारा परत येतो आणि उचलून घेतो.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो स्वतःच्या नातीला, सुझनला, मागे ठेवून जातो. तिचं एका तरुणावर प्रेम आहे, पण आजोबांना सोडून ती राहणार नाही हे त्याला माहीत आहे. मग तो टार्डिसचं दार आतून लावून घेतो आणि आतूनच तिला निरोप देतो. तिच्या बुटाचा तळ झिजून भोक पडलेलं असतं, आणि किल्ली तिच्या हातून खाली मातीत पडते. जी गोष्ट स्वतःला कधी घेता आली नाही ती त्याने नातीला जवळजवळ जबरदस्तीने दिली. १९७३ ला तिसरा डॉक्टर, जॉन पर्टवी. त्याची सहकारी जो हिचं लग्न ठरतं, सगळे आनंदात, आणि हा पेला संपवतो, कुणालाही न सांगता पार्टीतून बाहेर पडतो आणि संधिप्रकाशात एकटा आपली जुनी पिवळी गाडी चालवत निघून जातो. आता याला कोण रडका म्हणेल? पार्टनरने इथे विषय बदलला.

पण सगळ्यात मोठा पुरावा २००७ चा. 'ह्यूमन नेचर' आणि 'द फॅमिली ऑफ ब्लड' असे दोन जोडभाग. पॉल कॉर्नेल यांनी १९९५ मध्ये डॉक्टरवर एक कादंबरी लिहिली होती, तिच्यावरूनच त्यांनी हे भाग लिहिले. (सिरियल बंद असताना तिच्यावर कादंबऱ्या निघत होत्या. प्रेम असावं तर असं.) सिरियल परत आल्यावर २००५ मध्ये याच लेखकाच्या एका भागात डॉक्टर एका अगदी सामान्य जोडप्याला त्यांची भेट कशी झाली ते विचारतो. रात्री दोन वाजता, क्लबबाहेर, टॅक्सीला पैसे नसताना. आणि तो म्हणतो की असं आयुष्य आपल्या वाट्याला कधी आलं नाही. म्हणजे हा किडा कॉर्नेल यांच्या डोक्यात खूप आधीपासून होता.

गोष्ट अशी. काही परग्रहवासी शिकारी डॉक्टरच्या मागे लागलेत. त्यांचं आयुष्य अगदी थोडं, तीन महिन्यांत ते आपोआप मरतील. त्यांना डॉक्टरचं लांबलचक आयुष्य हवंय. तेव्हा लपायचं. कसं? तर खराखुरा माणूस होऊन. एका यंत्राने तो आपल्या शरीरातली पेशी न् पेशी बदलतो, एक हृदय, एक आयुष्य, आणि सगळ्या आठवणी एका खिशातल्या घड्याळात बंद करतो. मग १९१३ साल, इंग्लंडमधली मुलांची एक निवासी शाळा, आणि तिथे इतिहास शिकवणारे जॉन स्मिथ मास्तर. त्यांना आपण डॉक्टर होतो हे माहीतच नाही. फक्त रात्री विचित्र स्वप्नं पडतात, ती ते वहीत लिहून ठेवतात.

जाण्याआधी डॉक्टरने सोबतच्या मार्थासाठी सूचनांची यादी व्हिडिओवर रेकॉर्ड करून ठेवलेली असते. हे करू देऊ नकोस, ते होऊ देऊ नकोस. एकदम लॅब मॅन्युअल. आणि जे प्रत्यक्ष घडतं नेमकं तेच त्या यादीत नाही. जॉन स्मिथ प्रेमात पडतात. शाळेच्या परिचारिका जोन रेडफर्न, विधवा. त्यांचा नवरा स्पायन कॉपच्या लढाईत गेलेला. (जानेवारी १९०० च्या या लढाईत जखमींचे स्ट्रेचर वाहणाऱ्या हिंदी तुकडीत गांधीजी होते. हे मला आपल्या पुस्तकातून नाही, या सिरियलमुळे शोधताना कळलं.) गावातला नाच, जिन्यावरची धडपड, एक साधा, भिडस्त, पुस्तकी मास्तर आणि एक शहाणी बाई. बघताना आपण विसरतो की मागे परग्रहवासी लागलेत. चाळीस मिनिटं मला वाटत होतं की हे असंच चालू द्या, राक्षस नकोतच.

राक्षस अर्थातच येतात. गावातली माणसं मरायला लागतात. आणि मार्था घड्याळाबद्दल सांगते, की ते उघडा, म्हणजे डॉक्टर परत येईल आणि सगळ्यांना वाचवेल. इथे सिरियलने जे केलं त्याला माझा सलाम. जॉन स्मिथ रडतात. त्यांच्या दृष्टीने घड्याळ उघडणं म्हणजे मरण. तो थोर डॉक्टर परत यावा म्हणून या मास्तराने मरायचं, आणि मास्तराने कुणाचं काय वाकडं केलंय? घड्याळ हातात धरल्यावर त्यांना आणि जोनना पुढचं सगळं आयुष्य क्षणात दिसतं. लग्न, बाळ, नातवंडं, आणि शेवटी अंथरुणावर म्हातारपणातलं शांत मरण. पृथ्वी वाचवणं नाही, काही नाही. साहसी नायकाच्या सिरियलमध्ये सगळ्यात सुंदर, सगळ्यात अशक्य दृश्य कुठलं, तर म्हातारा होऊन घरात मरणं!

आणि ते घड्याळ उघडतात.

नंतर डॉक्टर, म्हणजे तो मूळचा, त्या शिकाऱ्यांना अशी शिक्षा देतो की अंगावर काटा येतो. त्यांना कायम जगायचं होतं ना? मग जगा म्हणावं, साखळदंडांत, आरशांत, कायमचे. हा राग फक्त गावाच्या नुकसानीचा नाही. हिसकावलेल्या घराचा आहे. असं मला वाटतं, पार्टनरला नाही. मग तो जोनकडे जातो आणि म्हणतो, माझ्याबरोबर चल, जॉन स्मिथ जे होता ते सगळं माझ्यात आहे. ती एकच प्रश्न विचारते. तू सहज लहर म्हणून हे ठिकाण निवडलं नसतंस, तर इथे कुणी मेलं असतं का? त्याच्याकडे उत्तर नसतं. आणि ती त्याला सांगते की तो तुझ्यापेक्षा शूर होता, तू फक्त बदललास, त्याने मरण पत्करलं. जा आता.

इथे मला थोडं आडवं बोलायचंय. हे भाग बघून अनेक जण 'आहा, साधं आयुष्य किती गोड' म्हणतात. तसं ते दाखवलेलं नाही. जॉन स्मिथ भले आहेत, पण १९१३ चे भले आहेत. वर्गातला दांडगा मुलगा अशक्त मुलाला फटके द्यायची परवानगी मागतो तेव्हा ते सहज देतात. ते मुलांना मशीनगन चालवायला शिकवतात, आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध आहे हे आपल्याला माहीत असतं, त्यांना नसतं. आणि मार्था! ती डॉक्टरकीची विद्यार्थिनी, काळी मुलगी, पण या तीन महिन्यांत ती शाळेत मोलकरीण म्हणून फरशा पुसतेय, पोरांचे टोमणे ऐकतेय. जोनसारख्या चांगल्या बाईलाही पटत नाही की ही मुलगी डॉक्टर होऊ शकते, तेव्हा मार्था हाताच्या हाडांची नावं एकामागून एक धडाधड म्हणून दाखवते. एकाने साधं आयुष्य जगावं म्हणून दुसऱ्या कुणीतरी फरशी पुसावी लागते. हे सिरियलमध्ये आहे, फक्त आपण मास्तरांच्या प्रेमकथेत गुंतलेलो असतो म्हणून निसटतं. माझंही पहिल्यांदा निसटलं होतं.

भटके नायक टीव्हीवर पुष्कळ. 'द फ्युजिटिव्ह' ही अमेरिकन सिरियलही सप्टेंबर १९६३ चीच, तिचा नायकही डॉक्टर, फक्त खराखुरा. रिचर्ड किंबल. बायकोच्या खुनाचा खोटा आळ, म्हणून गावोगाव पळतोय. पण किंबलची इच्छा लपलेली नाही. त्याचं घर होतं, ते गेलं, त्याला ते परत हवंय, सगळ्या जगाला माहीत आहे. ऑगस्ट १९६७ मध्ये शेवटचा भाग आला, तो निर्दोष सुटला, गोष्ट संपली. आमच्या डॉक्टरचं तसं नाही. त्याला कुणी हाकललं नव्हतं, तो आपण होऊन घर सोडून पळालेला आहे. आता आपण होऊन निघालेल्या माणसाने 'मला घरी जायचंय' कोणत्या तोंडाने म्हणायचं? म्हणून तो गंमतीत सांगतो, गृहकर्जाला घाबरतो, पार्टीतून हळूच सटकतो.

हे मला एवढं का कळतं, ते आता सांगतो.

माझे बाबा बॉयलर कमिशनिंगमध्ये आहेत. कधी कोरबा, कधी सिंगरौली, कधी कोराडी. आम्ही सांगलीला. मी शाळेत असताना ते वर्षातून दोनदा-तीनदा यायचे, दिवाळीचे आठ दिवस धरून. मला कधी वाईट वगैरे वाटलं नाही, उलट जाम भाव खायचो. इतरांचे बाबा बँकेत, माझे बाबा स्टीम ब्लोइंग करतात! त्याचा आवाज कित्येक किलोमीटर जातो, पाइपातून वाफ सोडून आतला कचरा उडवतात आणि ठेवलेल्या धातूच्या पट्टीवर किती खड्डे पडले ते मोजतात, हे मला सातवीतच पाठ होतं. (पुढे थर्मलच्या व्हायवाला हेच सांगितलं आणि एक्स्टर्नल खूश. सिलॅबसमधलं काही आलं नाही ते वेगळं.)

बाबा घरी आले की काय करायचे? मला वाटायचं, दमून आलेत, झोपतील. छे! पहाटे साडेपाचला उठून दुधाच्या रांगेत. मग भाजी, चार ठिकाणी भाव विचारून. मग आईचे स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावायचे, त्यांना लेबलं चिकटवायची. नळाचे वॉशर, गच्चीची टाकी, माझ्या सायकलचं ऑयलिंग. सोसायटीच्या मीटिंगला तर असे तयार होऊन जायचे की जसं काही लग्न. आईला याचा वैताग. "अहो, आठ दिवसांचे पाहुणे तुम्ही. तुम्ही गेलात की माझी हळद मला सापडत नाही." ते हसायचे. नवव्या दिवशी बॅग.

२०१२ सालच्या एका भागात डॉक्टर एमी आणि रोरी यांच्या घरी मुक्काम ठोकतो. बसून वाट बघायची असते, ते जमत नाही, म्हणून कुंपण रंगवतो, लॉन कापतो, फुटबॉल पायावर उडवत बसतो, घर झाडतो, गाडी दुरुस्त करतो. मग थकून विचारतो, किती वेळ झाला? एक तास. सगळी रूम खदाखदा हसली. मी पण हसलो, आणि मग एकदम गप्प झालो. तो आमच्या घरातला दिवाळीचा पाचवा दिवस होता. सकाळी डबे लावून झाले, नळ झाले, सायकल झाली, आणि बाबा गॅलरीत उभे राहून घड्याळ बघतायत. साईटवरून फोन आला की आवाजच बदलायचा त्यांचा. वीस वर्षांनी लहान व्हायचे.

म्हणजे काय, त्यांना घर नको होतं? नाही. तो दुधाच्या रांगेतला चेहरा मी पाहिलाय. काचेला नाक लावलेला. पण ज्याला घर हवं असतं त्याला घरात राहता येईलच असं नाही, आणि राहता येत नाही म्हणून ते हवं असणं खोटं ठरत नाही. 'डॉक्टर हू' हे दोन्ही एकदम दाखवते. म्हणून मला ती खरी वाटते. बाकी पोलीस बूथ, दोन हृदयं, सगळं चालवून घेऊ.

आता वादाचा मुद्दा. २०२३ ला सिरियलची साठ वर्षं झाली, आणि ९ डिसेंबरच्या 'द गिगल' या भागात शेवटी डॉक्टरला घर मिळालं. टेनंट परत आला होता, चौदावा डॉक्टर म्हणून. तो मरतो, पण नेहमीसारखा बदलत नाही. त्याचे दोन होतात! एक नवा, शुटी गॅटवा, आणि एक हा जुना, दोघे समोरासमोर. नवा म्हणतो, तू आता थांब, तू दमलायस. मी एवढा फ्रेश आहे तो तू विश्रांती घेऊन बरा झालास म्हणून. म्हणजे विश्रांती नंतर, परिणाम आधी. सिग्नल्स अँड सिस्टिम्स घेतलेल्यांनी ओळखलं असेल, ही शुद्ध नॉन-कॉझल सिस्टीम आहे. मग नवा टार्डिसवर एक मोठा हातोडा मारतो आणि टार्डिसच्याही दोन होतात. नवा निघून जातो. जुना डोना, तिचा नवरा, मुलगी, आई यांच्याबरोबर बागेत टेबलावर जेवत बसतो.

पार्टनरचं मत: फसवणूक. साठ वर्षं भटकवलं आणि शेवटी पेन्शन देऊन बसवलं. हीरो रिटायर होतो का? नेटवर पण बरेच जण चिडले होते.

माझं मत अर्धं. बसला याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. बसू दे की बिचाऱ्याला. माझा आक्षेप हातोड्याला आहे. जॉन स्मिथला घड्याळ उघडायचं तर घर सोडावं लागलं. सुझनला घर द्यायचं तर आजोबांना नात सोडावी लागली. इथे घरही मिळालं, भटकणंही चालू राहिलं, वर दुसरी टार्डिस बागेत उभी. आणि पठ्ठ्या ती वापरतो! डोनाच्या मुलीला गुपचूप मंगळावर फिरवून आणलेलं उघडकीला येतं. किंमत कुणी दिली? कुणीच नाही. एका माणसाचे दोन करता आले असते तर आमच्या घरी वीस वर्षं हळद जागेवर सापडली असती.

हे सगळं मी पार्टनरला तावातावाने सांगत होतो आणि स्क्रीनवर ते टेबल पॉज केलेलं होतं. टेनंट खुर्चीत रेलून बसलाय, वाढलेलं ताट समोर, कुणीतरी काहीतरी बडबडतंय आणि त्याला कुठे जायचं नाहीये. लॉजिकने मी अजूनही म्हणेन की तो शेवट चुकला. पण मी तो चार वेळा बघितलाय.

बाबा या मार्चअखेर रिटायर होतायत. माझी दोन ठिकाणी निवड झालीये. एक पुण्यात, एसी, सॉफ्टवेअर, शनिवार-रविवार सुट्टी. दुसरी कोअर, कमिशनिंग, पहिली दोन वर्षं साईट, कुठली ते जॉईन झाल्यावर कळेल. कुठली घेणार ते सोमवारपर्यंत प्लेसमेंट ऑफिसला लिहून द्यायचंय. मी बाबांना फोनवर विचारलं. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "साईटवर मेस कशी आहे ते आधी विचार." एवढंच. मग आईकडे फोन दिला.

आईला म्हटलं, आता काय, बाबा कायमचे घरी, मज्जा आहे तुझी.

"येऊ देत की," आई म्हणाली. "पण दूध मीच आणणार. आणि माझ्या डब्यांना हात लावायचा नाही, हे मी ह्यांना आत्ताच सांगून ठेवलंय."